मायकेल थकला, की आपण?

पत्र :

“ताई, प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. मी ४४ वर्षांचा, नाशिकला राहतो. माझा मावसभाऊ, आमचा दादा, गेली १८ वर्षं न्यू जर्सीत आहे. १९९३ च्या दिवाळीच्या सुट्टीत मावशीकडे सगळे झोपल्यावर, टीव्हीचा आवाज बारीक करून आम्ही दोघांनी ‘हॅलोवीन’ पाहिला, मुखवटा घालून सुरा घेऊन फिरणाऱ्या मायकेल मायर्सचा तो इंग्रजी भीतीपट. तेव्हापासून त्या मालिकेचा प्रत्येक भाग एकत्र बघायचा हे ठरलेलं. तो तिकडे गेल्यावर फोन चालू ठेवून. २०१८ चा भाग पाहून पोरांसारखे नाचलो. २०२१ चा पाहून गप्प बसलो. २०२२ चा ‘हॅलोवीन एंड्स’ पाहून भांडलो. मला ती धडधडीत फसवणूक वाटली, दादा म्हणतो तिन्हींत तोच खरा. मी त्याला म्हटलं, ‘तिकडे राहून तुझी चव गेली.’ तिथून आमचं बोलणं सणावारावर आलं. आता तो डिसेंबरात येतोय आणि तेराच्या तेरा भाग क्रमाने बघू म्हणतोय. इतक्या उशिरा येणारे भाग हमखास निराशच करतात का? की आमचंच वय झालं? आणि बसू का मी तेरा भाग?

ता. क. माझी चौदा वर्षांची मुलगी म्हणतेय, मलाही बसायचंय.

– आवाज बारीक करणारा, नाशिक”

उत्तर :

प्रिय ‘आवाज बारीक करणारे’,

हसले नाही. असली भांडणं मी लहानपणापासून ऐकत आलेय. वडिलांची कोल्हापुरात व्हिडिओ लायब्ररी होती आणि शाळा सुटल्यावर गल्ल्यावर मी बसायचे. इंग्रजी भीतीपटांच्या कॅसेटी वरच्या फळीवर, पाठमोऱ्या लावलेल्या. त्यांना मी हात लावायचा नाही असा दंडक होता, म्हणजे त्या मी सगळ्या पाहिल्या होत्या. ‘हॅलोवीन’चा चौथा भाग आमच्याकडे होता, पहिला नव्हता. दुसरा कुणीतरी नेला तो परत आलाच नाही, वहीत नाव अजून असेल. त्यामुळे मी मालिकेला सुरुवातच चौथ्यापासून केली. मायकेल मायर्स दहा वर्षांनी परत आलाय, हे मला ठाऊकच नव्हतं. तो पहिल्यांदाच आलाय असं समजून पाहिला आणि आठवडाभर रात्री मोरीत एकटी गेले नाही. पुढे कळलं की जाणकार मंडळी या भागाला ‘चालतंय’ एवढंच म्हणतात.

हे सांगितलं ते एवढ्यासाठी की ‘उशिरा’ हा शब्द पडद्यावर कुठे नसतो, तो आपल्या वहीत असतो. उशिरा आला म्हणून भाग फसतो, हे मला पटत नाही. ‘सायको’ १९६० चा आणि त्याचा दुसरा भाग १९८३ चा. मध्ये २३ वर्षं. मूळ दिग्दर्शक हयात नाही, आणि तरी तो चांगला सिनेमा आहे. वेड्यांच्या इस्पितळातून सुटलेल्या माणसाला गाव माणसासारखं जगू देईल का, असा सरळ प्रश्न तो विचारतो आणि त्या माणसाच्या भूमिकेतला अँथनी पर्किन्स त्या प्रश्नासाठी जीव ओततो. ‘फायनल डेस्टिनेशन’ची जात थोडी वेगळी, तिथे सुरा घेतलेला खुनी नाही, प्रत्यक्ष मरणच मागे लागतं, पण तिचा सहावा भाग १४ वर्षांच्या खंडानंतर २०२५ मध्ये आला आणि त्या मालिकेत सगळ्यात जास्त त्यानेच कमावलं. आणि ‘फ्रायडे द थर्टीन्थ’चं घ्या. १९८० च्या पहिल्या भागात खुनी जेसन नाहीच, त्याची आई आहे. तो हॉकीचा मुखवटा, ज्याच्यावरून शेंबडं पोरही जेसनला ओळखतं, तो १९८२ च्या तिसऱ्या भागात आला. मालिका दुसऱ्यावर थांबवली असती तर जेसन डोक्यावर गोणपाट घातलेला एक माणूस म्हणून राहिला असता.

मग फसतं कुठे? तुमच्या मायकेलच्याच घरी जाऊन बघू. पुढे गोष्टी उघड करणार आहे, पण तुम्ही सगळे भाग पाहिलेत, त्यामुळे माफी मागत नाही.

१९७८ चा ‘हॅलोवीन’ जॉन कारपेंटर यांनी डेब्रा हिल यांच्याबरोबर लिहिला आणि तीनेक आठवड्यांत चित्रित केला. खर्च सव्वातीन लाख डॉलरच्या आसपास. गोष्ट इलिनॉय राज्यातल्या ऑक्टोबरची, शूटिंग मात्र कॅलिफोर्नियात, तेही वसंतात. झाडं हिरवीगार. म्हणून वाळकी दिसतील अशी पानं रंगवून रस्त्यावर पसरायची, शॉट झाला की गोळा करायची आणि पुढच्या गल्लीत पुन्हा पसरायची. मुखवटा म्हणजे ‘स्टार ट्रेक’मधल्या कॅप्टन कर्कचा दुकानात मिळणारा रबरी चेहरा, पांढरा फासलेला. श्रेयनामावलीत निक कॅसल या नटापुढे लिहिलंय ‘द शेप’, म्हणजे नुसती आकृती. आणि खरोखरच तो आकृतीच आहे. सहा वर्षांचं पोर बहिणीला भोसकतं, पंधरा वर्षं भिंतीकडे बघत बसतं, एका रात्री सुटतं आणि गावी येतं. का? सिनेमा सांगत नाही. त्याच्यावर उपचार करणारे डॉक्टर लूमिस बिचारे बडबडतात पुष्कळ, पण त्यांनाही माहीत नाही. ते सहा गोळ्या घालतात, तो माडीवरून खाली पडतो, आणि खाली बघावं तर हिरवळ रिकामी. मग एकेक रिकामी खोली दिसते आणि त्याचा श्वास ऐकू येतो. रक्त जवळजवळ नाहीच. आठवून बघा, तुम्हाला मावशीकडच्या त्या रात्री रक्त आठवतंय का? माझी पैज, तुम्हाला तो श्वास आठवत असेल, आणि तोही बारीक आवाजात.

आता १९८१. दुसरा भाग. मायकेल पहिल्या भागात वाचलेल्या लॉरीच्याच मागे का लागला? तर म्हणे ती त्याची धाकटी बहीण, लहानपणी दत्तक दिलेली. कारपेंटर यांनी हे लिहिलं खरं, पण पुढे मुलाखतींत त्यांनीच कबूल केलंय की सांगण्यासारखी गोष्ट त्यांच्याकडे उरली नव्हती, बिअरच्या साथीने कशीबशी पटकथा ओढली. माझ्या मते पुढच्या चाळीस वर्षांची सगळी डोकेदुखी त्या बिअरमध्ये आहे. पहिल्या भागात लॉरीचा गुन्हा काय होता? वडिलांच्या सांगण्यावरून ती सकाळी एका बंद घराच्या दारात किल्ली ठेवायला गेली आणि आतल्याने तिला पाहिलं. बस्स. तिच्या जागी तुम्ही असता तर तुम्ही. भीती ती होती. बहीण आली आणि तिची भाऊबंदकी झाली. मी मायर्सांच्या घरातली नाही ना, मग मी निवांत झोपते.

एकदा भाऊबंदकी सुरू झाली की सातबारा काढावा लागतो. चौथ्या भागात (१९८८) लॉरी अपघातात गेलेली, तिची सात-आठ वर्षांची मुलगी जेमी. मायकेल आता भाचीच्या मागे. तरी हा भाग मला अजून आवडतो, आणि आवड फक्त मोरीच्या आठवणीमुळे नाही. छोट्या डॅनिएल हॅरिसने भ्यायचं काम असं केलंय की मोठ्यांना लाज वाटावी. आणि शेवट! विदूषकाच्या कपड्यातली ती पोर जिन्याच्या वर उभी, हातात कात्री, आणि लूमिसच्या तोंडून नुसत्या किंकाळ्या. इथून कितीतरी वाटा फुटत होत्या. एका वर्षात घाईघाईने पाचवा भाग आला आणि म्हणाला, तसं काही नाही हो, पोर बरी आहे, तिला फक्त मामाचे झटके येतात. हातात आलेला हुकमाचा पत्ता पुन्हा पिसात घातला.

सहावा (१९९५) म्हणजे खुलाशांचा कळस. मायकेल का मारतो, तर त्याच्यावर एका पुरातन पंथाचा शाप आहे, मनगटावर काट्याची खूण आहे आणि आकाशात अमुक तारे जुळले की त्याने आपल्या कुळाचा बळी द्यायचा आहे. कुंडली पाहून खून. लूमिस साकारणारे डोनल्ड प्लेझन्स सिनेमा पडद्यावर येण्याआधीच वारले. त्यानंतर शेवट बदलून पुन्हा चित्रीकरण झालं, त्यामुळे या भागाच्या दोन आवृत्त्या झाल्या. मूळ आवृत्ती वर्षानुवर्षं चोरट्या कॅसेटींवर फिरली आणि २०१४ मध्ये रीतसर आली. (पुढे ‘अँट-मॅन’ झालेला पॉल रड यात आहे, कोवळा, भेदरलेला. तेवढ्यासाठी बघितला तर पाप नाही.) मी दोन्ही आवृत्त्या पाहिल्यात. पंथ दोन्हींत आहे, तेव्हा निवड कसली करायची.

मधला तिसरा भाग मी मुद्दाम गाळला. १९८२ च्या त्या सिनेमात मायकेल नाहीच. दरवर्षी हॅलोवीनची, म्हणजे तिकडच्या भुताखेतांच्या सणाची, एक नवी गोष्ट सांगायची, असा विचार होता. मुखवटे विकणारी एक कंपनी, एक चीड आणणारं जाहिरातगाणं आणि लहान मुलांचा घात. तेव्हा लोक खवळले, कारण मायकेल बघायला आले होते. आज तोच सिनेमा कितीतरी जणांचा लाडका आहे. सिनेमा तोच, बघायला येणारे काय मनात धरून आले, ते बदललं. हे लक्षात ठेवा, दादाच्या बाबतीत लागेल.

मग १९९८. पहिल्यानंतर वीस वर्षांनी लॉरी साकारणारी जेमी ली कर्टिस परत आली. चार, पाच, सहा जणू घडलेच नाहीत. लॉरी नाव बदलून कॅलिफोर्नियात एका शाळेची मुख्याध्यापिका झालीय, दारू पिते, मुलाला एकटं कुठे सोडत नाही. मायकेल यायच्या आधीच सिनेमा पकडतो, कारण आपण एका बाईकडे बघतोय जी वीस वर्षं मागे वळून बघत जगलीय. शेवटी ती पळत नाही, कुऱ्हाड घेते आणि मान उडवते. माझ्या वडिलांनी एवढा एकच भाग माझ्याबरोबर बसून पाहिला आणि उठताना म्हणाले, “झालं एकदाचं पोरीचं.” आणि २००२ चा पुढचा भाग पहिल्या पंधरा मिनिटांत सांगतो की मान उडाली ती एका रुग्णवाहिकेवाल्याची, मायकेलने त्याला मुखवटा चढवला होता. मग लॉरीलाच मारून टाकतात आणि राहिलेला वेळ काही मुलं इंटरनेटवरच्या थेट कार्यक्रमासाठी मायर्सांच्या घरात कॅमेरे लावून फिरतात. निराशा हा शब्द इथे शोभतो. भाग वाईट असणं मी सोसते. आधीच्या भागात मी खर्चलेले अश्रू परत न करता पावती फाडणं सोसत नाही.

२००७ आणि २००९ चे रॉब झोंबी यांचे दोन भाग म्हणजे नव्याने मांडलेली गोष्ट. मायकेलचं बालपण, घरातली शिवीगाळ, सावत्र बाप. पुन्हा खुलासे. पुढे जाऊ.

एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. ज्या भागांनी मायकेलबद्दल जास्त सांगितलं ते कोसळले आणि ज्या भागांनी त्याच्या तावडीतून सुटलेल्यांकडे पाहिलं ते उभे राहिले. मायकेलकडे नवीन काही नसतंच, तो त्याच सुऱ्याने त्याच चालीने चालणार. वर्षं जातात ती लॉरीची. उशिरा आलेल्या भागाला आधीच्यांकडे नसलेली एकच मालमत्ता मिळते, ती म्हणजे मधली वर्षं, आणि बहुतेक निर्माते तिला हात न लावता खुन्याचा जन्मदाखला शोधत बसतात.

‘एल्म स्ट्रीट’ बघा. वेस क्रेव्हन यांचा, स्वप्नात येऊन मारणारा फ्रेडी क्रूगर १९८४ मध्ये आला तेव्हा अंगावर काटा यायचा. पाचव्या-सहाव्या भागापर्यंत तो विनोद सांगत खून करणारा सूत्रसंचालक झाला होता. १९९१ मध्ये त्याला मारून झालं. मग १९९४ मध्ये क्रेव्हन स्वतः परतले आणि पहिल्या सिनेमातली नायिका हेदर लँगेनकॅम्प हिला हेदर म्हणूनच उभी केली: एक नटी, तिचा लहान मुलगा, आणि दहा वर्षांपूर्वी केलेला सिनेमा जो तिला सोडत नाही. सातवा भाग, आणि पहिल्याच्या खालोखाल मी त्याला ठेवते. तिकीटबारीवर मात्र त्या मालिकेत सगळ्यात कमी कमाई याचीच. तेव्हा ‘प्रेक्षक निराश झाले का’ हे तिकिटांवरून ठरवू नका. सहा भागांत ज्यांची खोड मोडली होती ते सातव्याला आलेच नाहीत. चांगल्या भागाने आधीच्या वाईट भागांचं कर्ज फेडलं.

आपल्याकडचंही एक उदाहरण आहे. ‘चाइल्ड्स प्ले’ १९८८ चा, त्यातला खुनी बाहुला चकी. त्याच्यावरून महेश कोठारे यांनी १९९३ मध्ये ‘झपाटलेला’ केला. तुम्ही मावशीकडे मायकेल पाहिलात तेच वर्ष. ‘झपाटलेला २’ आला तो बरोबर वीस वर्षांनी, २०१३ मध्ये, थ्रीडी होऊन. तात्या विंचू तोच, रामदास पाध्यांचा बाहुला. चष्मा लावला तर तो अंगावरही येत होता. पण आमच्या घरचे सगळे थिएटरातून बाहेर पडले ते एकाच गोष्टीवर बोलत : लक्ष्या नाही. लक्ष्मीकांत बेर्डे २००४ मध्ये गेले होते, त्याला कोण काय करणार. तरी मला तिथे कळलं की मी वीस वर्षं ज्याची वाट पाहिली तो बाहुला नव्हता. बाहुल्याला घाबरून तोतरं होणारं ते माणूस होतं. तिकडे चकीचं नशीब बरं. त्याचा लेखक डॉन मॅन्सिनी पहिल्या भागापासून मालिकेला चिकटून राहिला, त्यामुळे २०१७ चा सातवा भाग कितीही वेडगळ असला तरी परक्या हाताचा वाटत नाही.

आता तुमचं भांडण.

२०१८ च्या भागाने पहिला सोडून बाकी सगळं पुसलं. लॉरी मायकेलची बहीण, ही गोष्टही लोकांनी उठवलेली अफवा, असं तिच्या नातीच्या तोंडून एका वाक्यात उडवलं. मी थिएटरात टाळी वाजवली. लॉरी आजी झालीय, घराचा किल्ला केलाय, मुलीशी पटत नाही कारण मुलीचं सगळं बालपण तिने बंदूक चालवायला शिकवण्यात घालवलं. चाळीस वर्षं. म्हणून तुम्ही दोघं नाचलात. संगीतही खुद्द कारपेंटर यांचं.

२०२१ चा ‘हॅलोवीन किल्स’ हा तिन्हींत सगळ्यात वाईट आहे, हे मी कुणाशीही भांडून सांगेन. लॉरी पूर्ण सिनेमाभर इस्पितळात, गाव एकच घोषणा देत कॉरिडॉरमधून धावतं, आणि मायकेल इतक्यांना मारतो की मोजदाद नको वाटते. तुम्ही त्याच्यावर भांडला नाहीत, गप्प बसलात. भांडायला काहीतरी शिल्लक असावं लागतं.

‘एंड्स’वर तुम्ही भांडलात, कारण तिथे भांडण्याजोगं आहे. मूल सांभाळायला गेलेला कोरी नावाचा मुलगा, त्याच्या हातून चुकून ते मूल जातं, आणि गाव त्याला आपला नवा राक्षस ठरवतं. मायकेल बराच वेळ दिसत नाही, दिसतो तेव्हा गटाराच्या बोगद्यात, म्हातारा, खंगलेला. ही कल्पना मला पटते. एखाद्या गावाला राक्षसाची इतकी सवय लागावी की तो नसताना त्याने दुसरा घडवावा, हे पहिल्या भागानंतर या मालिकेला सुचलेलं सगळ्यात शहाणपणाचं काही आहे. तेवढ्यापुरता दादा बरोबर.

पण तुमच्याही बाजूने एक दस्तऐवज आहे. ट्रेलर. पोस्टर. लॉरी आणि मायकेल समोरासमोर, ४४ वर्षांचा हिशेब मिटणार, असं सांगून तुम्हाला बोलावलं आणि दोन तासांपैकी बराच वेळ एका अशा पोराची गोष्ट सांगितली ज्याचं नावही तुम्ही ऐकलं नव्हतं. जेसनच्या आठव्या भागाने हेच केलं होतं. नावात मॅनहॅटन, सिनेमा जवळपास सगळा जहाजावर, आणि शहरही बरंचसं कॅनडातलं व्हँकूव्हर. श्रीखंड सांगून पुरण वाढलं तर पुरण उत्तम असलं तरी पाहुणा रुसतोच. अमेरिकेतल्या थिएटरांबाहेर प्रेक्षकांना विचारून श्रेणी देतात, त्यात २०१८ च्या भागाला बी प्लस, ‘किल्स’ला बी मायनस आणि ‘एंड्स’ला सी प्लस मिळाली. पहिल्या तीन दिवसांची तिकडची कमाईही ७.६ कोटी डॉलरवरून ४.९ आणि मग ४ कोटींवर आली. (शेवटचे दोन त्याच दिवशी ओटीटीवरही होते, त्यामुळे या उतरंडीचा सगळा दोष सिनेमांना देऊ नये.) म्हणजे तुमच्यासारखे पुष्कळ होते. १९८२ च्या त्या तिसऱ्या भागाचंही असंच झालं होतं. चाळीस वर्षांनी लोकांनी त्याला जवळ केलं. ‘एंड्स’चं तसं होईल की नाही, माझं मत होईल असं आहे, पण मी काही तारे पाहून सांगत नाही.

तुमची दोघांची तक्रार एकाच सिनेमाबद्दल नाहीच. दादा पडद्यावर जे होतं त्याबद्दल बोलत होता, तुम्ही जे कबूल केलं होतं त्याबद्दल. आणि ‘चव गेली’ हे वाक्य सिनेमाबद्दल नव्हतं, हे तुम्हालाही माहीत आहे. ते १८ वर्षांबद्दल होतं. तो आला की पहिला भाग लावायच्या आधी तेवढं एक वाक्य मागे घ्या, सिनेमाबद्दलचं मत मागे घ्यायची गरज नाही.

वय झालं का? झालं की. ४४ म्हणजे २०१८ च्या लॉरीपेक्षा तरुण, पण १९९८ च्या लॉरीपेक्षा मोठे. मी परवा पहिला भाग पुन्हा पाहिला तर लॉरीसाठी जीव टांगला नाही, ज्या आईबापांनी पोरांना शेजारच्या मुलीवर सोपवून पार्टीला जाणं पसंत केलं त्यांचा राग आला. भीतीची जागा बदलते. तुम्ही तेरा वर्षांचे असताना दाराबाहेर कोण आहे याला भ्यायलात, आता मुलगी घरी वेळेवर आली का याला भिता. उशिराचे भाग हे ओळखतात तेव्हा तुम्हाला पकडतात, आणि ओळखत नाहीत तेव्हा तुम्ही घड्याळ बघता.

तेरा भाग बसू नका. मी मिनिटं मांडली, एकवीस तासांच्या आसपास होतात. पाहुणा म्हणून आलेल्या माणसाला मावशी तेवढे तास तुमच्याकडे सोडणार नाही. पहिली रात्र पहिला भाग, आवाज बारीकच. दुसऱ्या रात्री तिसरा, कारण त्यावर तुमचं भांडण व्हायचंय आणि ते निरुपद्रवी आहे. मग चौथा, माझ्या सांगण्यावरून. मग १९९८ चा, आणि तिथे थांबून २००२ चा कधी निघालाच नाही असं दोघांनी शपथेवर ठरवा. एक रात्र मायकेलला सुट्टी देऊन फ्रेडीचा १९९४ चा. मग २०१८ चा. ‘किल्स’ गाळा, कथा कळायला दोन वाक्यं पुरतात, ती दादाला सांगू द्या. शेवटी ‘एंड्स’, पण या वेळी दिवाळी अंकातली एखादी सुटी गोष्ट वाचतो तसा, मायकेलची वाट न बघता. तरी नाही आवडला तर नाही आवडला.

दादाला एक कामही लावा. मायकेलचं गाव हॅडनफिल्ड, ते खरं इलिनॉयमध्ये नाही. डेब्रा हिल यांचं लहानपण न्यू जर्सीतल्या हॅडनफिल्डमध्ये गेलं, त्यांनी ते नाव उचलून गोष्टीला दिलं. म्हणजे तुमचा दादा १८ वर्षं मायकेलच्या गावाच्या राज्यात राहतोय आणि बहुधा तिथे गेला नसेल. निघायच्या आधी एक चक्कर मारून फोटो आणायला सांगा. तिथे चौकात मायकेलचा नाही, डायनॉसोरचा पुतळा आहे. १८५८ मध्ये त्या गावात एका डायनॉसोरचा बराचसा सांगाडा सापडला होता. तेही मेलेलं पुन्हा वर आलेलंच म्हणा.

राहिली मुलगी. चौदाव्या वर्षी मी काय काय पाहिलं ते वर कबूल केलंय, त्यामुळे उपदेश करायला माझं तोंड नाही. पण हे सिनेमे प्रौढांसाठीचे आहेत, आणि ‘किल्स’सारखा भाग तर मी माझ्या भाचीला लावू देणार नाही. हा निर्णय दोन भावांनी रात्री अकराला घ्यायचा नाही, तिच्या आईला विचारून दिवसा घ्यायचा. तोवर एका संध्याकाळी जेवणं झाल्यावर सगळ्यांनी मिळून ‘झपाटलेला’ लावा, मावशीलाही बसवा. आवाज मोठा ठेवा. चकीचं तात्या विंचूशी नातं काय, हे तिला दादाला समजावू द्या आणि तुम्ही मध्ये बोलू नका.

– तुमची ताई